बार्बाडोसला जाऊन ‘नको’ म्हणू नये

साहेबराव खिल्लारे परदेशात चाललेत, ही बातमी सोसायटीत फोडली ती पोलिसानं. पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार घरी आले, तेव्हा जिन्यात भेटलेल्या प्रत्येकानं आधी, "काय केलं ओ यांनी?" असंच विचारलं. हवालदार म्हणाले, "काही नाय केलं. फिरायला चाललेत." यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना. चिकलठाण्याच्या त्या सोसायटीतून आजवर कुणी नुसतं फिरायला गेलेलं नव्हतं. माणसं लग्नाला जात, मयतीला जात, कोर्टाच्या तारखेला जात, अन् वाटेत असलं तर वेरूळ पाहून येत.

साहेबरावांनी हवालदारांना खुर्ची दिली अन् चहाचं विचारलं.

"नको नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप घ्या."

"नाय हो, खरंच नको. ॲसिडिटी होते."

"असं कसं? पहिल्यांदा घरी आलात."

"बरं, मग टाका. साखर जरा जास्त."

हवालदारांनी दोन कप चहा घेतला, बिस्किटाचा पुडा संपवला अन् पोह्यांना नको म्हणता म्हणता दुसरी बशी पुढं केली. यात वावगं काही नाही. आपल्याकडं पहिलं ‘नको’ म्हणजे नमस्कार असतो. दुसरं ‘नको’ म्हणजे घरचं वळण. खरं उत्तर तिसऱ्या वेळेला मिळतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. असा काही नियम आहे हे साहेबरावांनाही माहीत नव्हतं. ते त्यांना बार्बाडोसला गेल्यावर कळलं, अन् फार उपाशी राहून कळलं.

जायचं ठरलं ते असं. साहेबराव कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी सुलेखाबाई गेल्या. मुलगा सम्यक पुण्याला, अन् मुलगी मोनाली थेट बार्बाडोसला, तिथल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायला. उन्हाळ्यात साहेबराव सम्यककडं आठ दिवस राहून आले, तर पट्टा एक भोक आत गेला. सम्यकनं ते पाहिलं अन् बहिणीला फोन केला. बहिणीनं बापाला केला.

"जयभीम बाबा. तुम्ही जेवत नाही म्हणे."

"कोण म्हणतं?"

"दादा म्हणतो. हे बघा, तिकीट मी काढते. तीन आठवडे माझ्याकडं यायचं, समुद्र बघायचा अन् माझ्यासमोर जेवायचं. नीट जेवलात तर राहा खुशाल आपल्या घरात. नाही जेवलात तर ते घर भाड्यानं द्यायचं अन् तुम्ही कायमचं पुण्याला दादाकडं."

साहेबरावांना पुण्याला जायचं नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, सून तर फारच चांगली होती. पण चिकलठाण्याच्या त्या दोन खोल्यांत सुलेखाबाईंनी स्वतः हातोडी घेऊन जागोजाग खिळे ठोकले होते. नवरा दिवसभर कंपनीत, मग करणार काय? कुठला खिळा कॅलेंडरचा, कुठला पिशवीचा, कुठला उगाच, हे साहेबरावांना डोळे मिटून सांगता यायचं. भाडेकरू आला की पहिल्यांदा खिळे उपटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नुसतं जेवायचंच आहे ना?" ते म्हणाले. "मग त्यात काय अवघड?"

चौकशीला दोन साक्षीदार लागतात. एक आले सोसायटीचे चेअरमन रामप्रसाद, दुसरे तळमजल्यावरचे कडुबा, साहेबरावांचे कंपनीतले जुने जोडीदार. सह्या करून दोघं गेले असते तर बरं झालं असतं. पण दोघंही बसले.

रामप्रसाद एकदा चार दिवस दुबईला जाऊन आलेले. तेव्हापासून जगात कुठल्याही देशाचा विषय निघाला की ते दुबईवरून सांगत. "खिल्लारे, एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "बाहेरच्या देशात खाण्यावर तुटून पडायचं नाय. ते लोक बघत असतात. तुमच्या एकट्याच्या वागण्यावरून अख्ख्या मराठवाड्याची किंमत करतात. कुणी काही दिलं तर आधी नाय म्हणायचं. इज्जत राहते."

"तुम्ही दुबईत नाय म्हटलं का?"

"मला कुणी दिलंच नाय."

कडुबांचं काम वेगळं होतं. "साहेबराव, तिथंच आपण वर्ल्ड कप जिंकला ना? कप्तानानं खेळपट्टीवरचं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं व्हतं, पाहिलं न्हवं टीव्हीवर? तसलंच चिमूटभर आणा मला."

"काय करायचंय?"

"नातवाला चाटवायचंय. बॅट लई आडवी फिरवतो."

तेवढ्यात कडुबांच्या बायको केसरबाई ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी अन् खारोड्या घेऊन आल्या. "भाऊजी, तिथं म्हणं उडते मासे खातात."

"उडते कसे?"

"मोनालीच म्हणली फोनवर. पण तळल्यावर नसतील उडत. तरी पहिला घास जपून घ्या."

पुढचं काम होतं लंडनचं. लंडनला फक्त विमान बदलायचं होतं, पण बदलायचीही परवानगी लागते. त्यासाठी साहेबराव पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेले. अख्खी नोकरी लोखंडावर बोटं घासण्यात गेलेली. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवली. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. काउंटरवरची मुलगी वैतागली, पण साहेबरावांना त्या यंत्राबद्दल आपुलकी वाटायला लागली. पुढच्या सगळ्या प्रवासात पुन्हापुन्हा विचारणारं ते एकटंच भेटलं.

विमानतळ चिकलठाण्यातच, त्यामुळं निरोपाला निम्मी सोसायटी आली. मुंबईहून लंडनचं विमान रात्रीचं, ते झोपेत गेलं. खरी गंमत लंडनच्या पुढं. ढकलगाडी घेऊन हवाई सुंदरी आली अन् वाकून हसत म्हणाली, कोंबडी की पास्ता?

साहेबरावांना कडकडून भूक लागली होती. रामप्रसाद आठवले. अन् रामप्रसाद नसते आठवले तरी तोंडातून तेच निघालं असतं. "नो नो. राहू द्या."

ती आणखी गोड हसली अन् पुढच्या रांगेला गेली.

साहेबराव तिच्या पाठीकडं बघत राहिले. येईल परत, त्यांना वाटलं. आधी सगळ्यांना वाढून घेत असेल. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं कोंबडी संपवली, पाव संपवला, लोण्याची डबी बोटानं पुसली. गाडी परत आली ती रिकामी ताटं गोळा करायला. दोन तासांनी सँडविच आलं. यावेळी साहेबरावांनी जरा अजिजीच्या सुरात "नो" म्हटलं, म्हणजे समजणाऱ्याला समजावं. तिला समजलं नाही. ब्रिजटाउनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं येण्याचं कारण विचारलं, तेव्हा साहेबरावांच्या तोंडून खरं तेच निघालं. "टु ईट."

अधिकारी पोट धरून हसला अन् शिक्का मारून म्हणाला की योग्य ठिकाणी आलात. केसरबाईंचं पीठ मात्र नियमाप्रमाणं तिथंच ठेवून घेतलं.

मोनालीचं घर समुद्रापासून चालत जाण्याएवढं जवळ. जावई प्रणय कॉम्प्युटरचं काम घरूनच करायचा. सज्जन मुलगा. पण त्यानं कुठल्याशा शिबिरात शिकलं होतं की समोरच्याच्या नकाराचा पहिल्याच वेळी मान राखावा. तो मान तो फार मनापासून राखायचा.

"बाबा, आणखी एक पोळी?"

"नको."

"ओके."

अन् डबा बंद. झाकणाचा तो आवाज साहेबरावांच्या काळजात जाई. मोनाली कॉलेजातून दमून आलेली असायची. तीही विचारायची, "भात, बाबा?" हे म्हणायचे, "राहू दे." ती राहू द्यायची. दोन घासांवर जेवण उरकलं की बाप पाणी पिऊन उठायचा, अन् लेक नवऱ्याकडं बघून मान हलवायची.

शनिवार-रविवारच्या सुटीत प्रणयनं समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन दिवसांची खोली घेतली. तिथं खाणंपिणं भाड्यातच होतं, हवं तेवढं. साहेबराव सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन जेवणाच्या दालनात गेले अन् खुर्चीवर ताठ बसले. वाढपी येतील म्हणून वाट पाहू लागले. आजूबाजूला बघतात तर चांगल्या घरची माणसं हातात ताट घेऊन पातेल्यांच्या रांगेपुढं उभी! आपल्याकडं पंगतीत माणूस ताट घेऊन उठला तर वाढणाऱ्यांची अब्रू जाते. इथं वाढणारे भिंतीला टेकून बघत होते. एक पोऱ्या जवळ येऊन नम्रपणे म्हणाला की साहेब, आपापलं घ्यायचं. साहेबरावांना ते लागलं. तरी मोनालीसाठी ते उठले. रांगेत मागच्याला अडचण नको म्हणून पुढंपुढं सरकत गेले, अन् शेवटी टेबलावर आले तेव्हा ताटात हिरवा पाला अन् टरबुजाची एक फोड होती.

मोनालीनं त्या ताटाचा फोटो काढला. कुणाला पाठवला हे सांगायला नको.

तिथून प्रेक्षणीय स्थळं सुरू झाली. कुणी वाचक त्या बेटावर जाणार असेल तर साहेबरावांच्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणून सांगून ठेवतो. क्रिकेटचं मैदान जरूर पाहावं. साहेबरावांनी पाहिलं. रखवालदार दिलदार होता, भारतातून आलोय म्हटल्यावर हात मिळवून गॅलरीपर्यंत घेऊन गेला. पण चिमूटभर खेळपट्टी हवी म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. साहेबरावांनी खुणेनं सांगितलं, कप्तान, असं उचललं, असं तोंडात टाकलं. रखवालदारानं खुणेनंच सांगितलं, ते कप्तान होते. ऊन मी म्हणत होतं, पोटात सकाळचं टरबूज होतं. खाली ते हिरवंगार गवत बघताना साहेबरावांना कप्तानाचा हेवा वाटला. निदान त्याला खायला काही मिळालं होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे गुहा. जमिनीच्या पोटात मोठी गुहा आहे, छोट्या गाडीत बसवून आत नेतात. पाणी ठिबकून ठिबकून दगडाचे खांब झालेत, दिवे लावलेत, सगळे "वाह" म्हणत होते. साहेबराव शांतपणे बघत होते. शेवटी त्यांनी मोनालीला विचारलं, "कोरलं कुणी?"

"कुणी नाही बाबा. पाण्यानं आपोआप झालं."

"एकही मूर्ती नाय?"

"नाही."

"एवढी जागा पडून आहे अन् कुणी छिन्नी लावली नाय?" ज्यानं लहानपणी शाळेच्या सहलीत वेरूळच्या लेण्यांत बसून दशम्या खाल्ल्यात, त्याला बाकीच्या जगातल्या गुहा अर्धवट सोडलेल्या कामासारख्या दिसतात. त्याला इलाज नाही. शिवाय दशम्या आठवल्यानं त्यांना गाडीत चक्कर आली. मोनालीला वाटलं, अशक्तपणा.

तिसरं ठिकाण पूर्वेचा किनारा. तिथं समुद्र खवळलेला अन् वाळूत घराएवढे दगड उभे. पोहायला बंदी, नुसतं बघायचं. साहेबराव तिथं बराच वेळ बसले. सुलेखाबाईंनी समुद्र एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर. गर्दी एवढी होती की समुद्र डोक्यांच्या वर बोटभर दिसला. "पाणी लई आहे ओ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, अन् मग चपला हरवल्या म्हणून परतीच्या गाडीपर्यंत भांडल्या होत्या. साहेबरावांना ते आठवून हसू आलं. एकटंच हसणारा बाप बघून मोनालीनं प्रणयच्या दंडाला धरलं.

त्या संध्याकाळी साहेबराव ओट्यावर बसले होते, अन् आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"दादा, नाही रे खात काहीच. नुसतं नको नको. गुहेत चक्कर आली. समुद्रापाशी आपलेआपण हसत होते."

सम्यकचा आवाज मोठा होता, लहानपणापासून. "मी भाडेकरू बघून ठेवलाय. बँकेतला माणूस आहे, शांत आहे. तू फक्त हो म्हण."

"शुक्रवारपर्यंत बघते," मोनाली म्हणाली. "शुक्रवारी मासळीबाजारात घेऊन जाते. तिथंही नाही खाल्लं तर मग तू म्हणशील तसं."

साहेबरावांना घाम फुटला. त्या शांत माणसाच्या हातात पक्कड दिसायला लागली. त्यांनी ठरवलं, शुक्रवारी पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं. रात्री पलंगावर बसून त्यांनी सरावही केला. "येस. येस प्लीज." भिंतीला म्हणणं सोपं जात होतं.

त्या बेटावर शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेकडच्या कोळ्यांच्या गावात मोठी जत्रा भरते. समुद्राला लागून ओळीनं टपऱ्या, प्रत्येक टपरीवर मासा भाजायचा धूर, लांबच लांब बाकडी, अन् एका कोपऱ्यात जुन्या गाण्यांवर म्हातारी जोडपी एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचताहेत. कुणाला कुणाची लाज नाही. दिवस मावळायला अजून अवकाश होता. प्रणयनं ओळखीची टपरी गाठली. ती चालवणाऱ्या बाईंचं नाव मिस मर्ल. साहेबराव मनात त्यांना मर्लबाई म्हणू लागले. रुंद बांधा, कमरेला फडकं, अन् आवाज असा की तीन टपऱ्यांपलीकडचं गिऱ्हाईकही वळून बघे.

मर्लबाईंनी ताट आणलं. भाजलेला मासा अन् मॅकरोनीची भाजलेली वडी. झाऱ्यावर आणखी एक मासा होता, तो साहेबरावांपुढं धरून त्यांनी विचारलं, हाही वाढू का?

साहेबरावांनी तोंड उघडलं. सराव आठवला. मोनाली डोळे लावून बसली होती. अन् तोंडातून बाहेर पडलं, "नो नो, एनफ."

मासा शेजारच्या बाकड्यावर गेला.

त्या माशाच्या पाठीकडं बघताना साहेबरावांचे डोळे भरून यायची वेळ आली. आता ताटात आहे तेवढं तरी दणक्यात खाऊन दाखवलं पाहिजे. नेमकं त्याच वेळी त्यांना बाकड्यावर एक बाटली दिसली. बाटलीत पिवळं, दाटसर, मधूनमधून हिरवे ठिपके असलेलं काहीतरी होतं. साहेबरावांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पिठलं! पातळ, हिरव्या मिरचीचं पिठलं! सातासमुद्रापलीकडं, अन् तेही बाटलीत भरून! त्यांनी बाटली उलटी केली अन् माशावर, वडीवर, ताटात जिथं जागा होती तिथं पिठलं सोडलं. मोनाली प्रणयशी बोलत होती. ती वळेपर्यंत साहेबरावांनी भाकरीशी खावा तसा घसघशीत घास घेतला होता.

ते पिठलं नव्हतं. तो त्या बेटावरचा मिरचीचा रस होता. तिथली माणसं तो माशावर थेंबभर टाकतात, अन् तोही देवाचं नाव घेऊन.

साहेबराव लवंगी मिरचीचा ठेचा तोंडी लावणारे गृहस्थ. पण हे प्रकरण निराळं होतं. आधी जीभ गेली, मग कान गेले. डोक्यावर टोपी असती तर उडाली असती. थुंकावं, तर मराठवाड्याची इज्जत. ओरडावं, तर शुक्रवार. साहेबरावांनी घास गिळला अन् दुसरा घेतला.

"बाबा! अहो बाबा, ते चिली सॉस आहे!"

"लई भारी," साहेबराव म्हणाले, अन् तिसरा घेतला.

डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं, चष्म्यावर वाफ धरली. मर्लबाई झारा टाकून धावत आल्या. त्यांनी बाटली पाहिली, ताट पाहिलं अन् कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी असा माणूस पाहिला नव्हता. साहेबरावांनी ताट पुसून खाल्लं. मर्लबाईंनी थंड नारळपाणी दिलं, तेही प्यायले. आग हळूहळू उतरली.

धारा मात्र उतरेनात.

हे साहेबरावांच्याही उशिरा ध्यानात आलं. तोंड थंड झालं, कान परत आले, तरी डोळे आपले वाहतच होते. सुलेखाबाई गेल्या तेव्हा पाहुण्यांची व्यवस्था बघण्यात दिवस गेले. नंतर रडायला बसावं तर कुणी ना कुणी समोर असायचं, अन् कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये असं त्यांना वाटायचं. ते सगळं आता, या परक्या गावात, मिरचीच्या नावाखाली बाहेर पडत होतं.

"काय झालं यांना?" मर्लबाईंनी त्यांच्या इंग्रजीत विचारलं. "माझ्या सॉसनं एवढा वेळ कुणी रडत नाही."

मोनालीनं हळू आवाजात दोन वाक्यांत सांगितलं. मर्लबाई टपरीत गेल्या, भाजलेले दोन मासे अन् वडीचा मोठा तुकडा घेऊन आल्या, अन् साहेबरावांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. बाकडं वाकलं. त्यांनी विचारलं नाही. वाढायलाच लागल्या.

"नो नो नो," साहेबरावांनी ताटावर हात आडवा धरला.

मर्लबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा तो हात उचलला, बाजूला ठेवला अन् मासा ताटात टाकला. "तुला कुणी विचारलंय?" असं काहीसं त्या म्हणाल्या. इंग्रजी वेगळं होतं, पण सूर साहेबरावांना ओळखीचा होता. ते जेवायला लागले. एक मासा संपला, दुसरा संपला, वडी संपली. मर्लबाईंनी उडता मासा आणला, तळलेला. तो उडाला नाही. मग त्या समाधानानं उठून दुसऱ्या गिऱ्हाइकांवर ओरडायला गेल्या.

मोनाली तोंडावर हात ठेवून बघत होती.

"मला भूक लागली होती गं," साहेबराव म्हणाले. "विमानात बसल्यापासनं."

"मग नको का म्हणत होतात?"

"तू एकदाच विचारायचीस."

प्रणयचा काटा हवेत थांबला.

"अन् दादाकडं?" मोनालीनं विचारलं.

"तिथं सूनबाई विचारतानाच झाकण ठेवते. चांगली आहे बिचारी. तिला वाटतं खरंच नको."

"आणि घरी? चिकलठाण्याला?"

"घरी मी एकटाच असतो. मीच मला कशाला नको म्हणू? पातेलं पुढ्यात घेतो अन् खातो. भाकरी जाड होते, पण खातो. कडुबाला फोन करून विचार. त्याच्याकडनं अख्ख्या मजल्यासाठी आलेली वांगी मी एकट्यानं संपवली म्हणून केसरबाई चार दिवस बोलली नाय." साहेबरावांनी चष्मा पुसला. "मला पुण्याला पाठवलंत ना पोरी, तर मी खरंच उपाशी मरीन. लाजेनं."

मोनाली हसायला लागली. तिला हसू आवरेना. मग तिनं विचारलं, "आई किती वेळा विचारायची हो?"

साहेबरावांनी आठवून पाहिलं. "विचारायची नाय ती. वाढायची."

मोनालीनं फोन घेतला. भारतात पहाट व्हायची होती, म्हणून दादाला निरोप टाकला. तो बापालाही वाचून दाखवला. ‘भाडेकरूला नाही म्हण. तिसऱ्यांदा विचारलं तरी नाहीच म्हण.’

पलीकडं म्हातारी जोडपी नाचत होती. साहेबरावांचं लक्ष लेकीच्या ताटाकडं गेलं. ताट केव्हाचं रिकामं होतं. त्यांनी आपल्या ताटातल्या उडत्या माशाचा मधला, काटे नसलेला तुकडा उचलला.

"नको बाबा," मोनाली म्हणाली. "झालं माझं." अन् तिनं ताटावर हात आडवा धरला.

साहेबराव त्या हाताकडं बघत राहिले. तीन वर्षं झाली होती पोरीला या बेटावर. प्रणय सज्जन मुलगा, पहिल्या नकाराचा मान राखणारा.

"अहो, ती नको म्हणतेय ना बाबा," प्रणय म्हणाला.

"तुम्ही थांबा जावईबापू, तुमचीही पाळी येतेय." साहेबरावांनी लेकीचा हात अलगद बाजूला केला अन् तुकडा वाढला.

मोनाली खाली मान घालून खाऊ लागली. दोन घास झाल्यावर तिनं मनगटानं डोळे पुसले.

"तिखट आहे," ती म्हणाली.

पिवळी बाटली तर मर्लबाईंनी केव्हाच उचलून टपरीत नेली होती.

"व्हय, लई तिखट आहे," साहेबराव म्हणाले, अन् तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.